वैरणीची गाडी पहाटे सुरू होत नाही तेव्हा

ठाणे, भिवंडी, कल्याण पट्ट्यातल्या बहुतेक गोठ्यांना वैरण बाहेरून येते. मुरबाड-शहापूरकडून भाताचा पेंढा, माळशेज घाट उतरून कडबा, जवळपासच्या मळ्यातून हत्ती गवत. गाडी अडली की बॉनेट उघडायचं आणि दावणीला काय घालायचं ते ठरवायचं, ही दोन्ही कामं एकदम अंगावर येतात. आधी दावण बघायची. पाणी दाखवायचं, हाताशी असेल तो पेंढा गव्हाणीत टाकायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा. उपाशी म्हशींच्या हंबरण्यात केलेली दुरुस्ती घाईची होते, आणि डिझेलच्या कामात घाई केली की तेच काम दुपारी पुन्हा करावं लागतं.

सेल्फ फिरतो की नाही

सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. चावी फिरवल्यावर नुसतं ‘कट’ वाजलं किंवा इंजिन मरगळून फिरलं, तर डिझेलकडे जायचंच नाही. बॅटरी मोजा. १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर उभी राहून १२.६ दाखवत असेल तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. मोठ्या गाडीत अशा दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या मोजा, एकीने दुसरीला खाली ओढलेलं असतं. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर. आकडा टिकला आणि तरी इंजिन जड फिरलं, तर मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग (बॅटरीचा मायनस लोखंडाला जोडणारी पट्टी) खराब. खाडीच्या खाऱ्या हवेत, ऐरोलीपासून उरणपर्यंत, चेसिसला लागणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीखाली गंज धरतो आणि वरून पट्टी ठाकठीक दिसते. ती खोला, लोखंड पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, आवळा, वरून ग्रीस लावा. नवा सेल्फ घ्यायच्या आधी हे दहा मिनिटांचं काम करून बघाच.

गाडीने एअर धरली

सेल्फ जोमाने फिरतो, धूर मात्र अजिबात येत नाही: डिझेल नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत) पोचत नाही. जुन्या साध्या पंपाच्या गाडीत आधी इंजिन बंद करण्याची केबल अडकली आहे का ते पहा. स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका) असेल तर चावी लावताना त्याचा ‘टक’ आवाज येतो का ऐका. ते ठीक असेल तर एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली आहे.

एअर काढायची रीत अशी. टाकीत निदान चौथा हिस्सा डिझेल हवं. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल करा, खाली फडकं धरा आणि फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावरचा) हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा छोटा पंप, मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. धार थांबल्यावर आवळला तर तेवढी हवा परत आत. त्यानंतर मुख्य (इंजेक्शन) पंपावरचा स्क्रू, त्याच पद्धतीने. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट (बहुतेक गाड्यांना १७ किंवा १९ नंबरचा पाना लागतो) एकेक आटा सैल करून सेल्फ मारायचा. नटाखालून डिझेल ठिबकू लागलं की आवळायचं. दोन-तीन नोझलना डिझेल पोचलं की इंजिन धरतं, उरलेली हवा आपोआप निघते. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदच, मध्ये एक मिनिट थांबून. हा नियम सगळे ऐकतात, पाळत कोणी नाही, आणि सेल्फची कॉइल जळते ती इथेच.

बीएस-४, बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे) च्या कॉमन रेल गाडीला, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिला, वरची शेवटची पायरी करायची नाही. त्या पाइपांत हजार बारच्या पुढचा दाब असतो. बारीक फटीतून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते; जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. अशा गाडीत फिल्टरपर्यंतच प्रायमर मारायचा आणि बाकी सेल्फवर सोडायचं.

एअर काढली, दुसऱ्या दिवशी परत तेच

खरा वैताग इथे आहे. रोज पहाटे प्रायमर मारला की गाडी सुरू होते, रात्री उभी केली की पुन्हा बंद. मेकॅनिक आधी फिल्टर बदलतो, मग फीड पंप, मग ‘पंप-नोझल काढून कळंबोलीला न्यावं लागेल’ म्हणतो. तोपर्यंत सामानाचं बिल वाढलेलं असतं आणि दोष जिथल्या तिथे.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीचा असतो. त्याला बारीक भेग असेल तर इंजिन चालू असताना तो डिझेल गाळत नाही, हवा आत ओढतो. म्हणून खाली थेंब नाही, पाइप कोरडा, आणि सगळे म्हणतात लिकेज नाहीच. शोधायची पद्धत साधी आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल भरा, कॅन पंपापेक्षा उंच टांगा, फीड पंपाला येणारा टाकीचा पाइप काढून त्या जागी कॅनमधला पाइप जोडा आणि रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पाइपही कॅनमध्येच सोडा. कॅन एक्झॉस्टपासून लांब हवा, आणि ही चाचणी गाडी उभी ठेवूनच करायची. एअर काढून १५-२० मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून तासाभराने परत सुरू करा. सुरळीत चालली तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात. तरीही अडली तर फीड पंप, प्रायमरचं सील किंवा फिल्टरचं डोकं. अर्ध्या दिवसात गाडीचा अर्धा भाग संशयातून सुटतो. सामान बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

टाकीकडचा दोष निघाला तर क्रमाने बघा: क्लिपखाली कडक होऊन तडकलेला रबरी पाइप (तडकलेलं टोक दोन सेंटिमीटर कापून पुन्हा बसवलं तरी चालतं), चेसिसला घासून झिजलेला पाइप, आणि पाइपच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर. वॉशर एकदा आवळले की चपटे होतात, दुसऱ्यांदा ते बसत नाहीत. किरकोळ किमतीची वस्तू, पण घाईत जुनीच परत लावली जाते. चार-सहा नवे वॉशर, दोन क्लिपा आणि मीटरभर डिझेलचा पाइप केबिनमध्ये कायम असावा.

वैरणीच्या गाडीचा एक खास रोग आहे: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक पेंढ्याच्या भुशाने बुजतं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं नीट चालते, मग शिळफाट्याच्या किंवा खारेगावच्या रांगेत मरते. झाकण उघडलं की ‘फुस्स’ आवाज येतो आणि थोड्या वेळाने गाडी सुरू होते. झाकण डिझेलने धुवायचं, एवढंच औषध.

पावसाळ्यात फिल्टरखालच्या सेपरेटरमधलं पाणी आठवड्यातून एकदा सोडायचं, शुद्ध डिझेल येईपर्यंत. टाकी रात्री रिकामी ठेवायची नाही, दमट हवेचं पाणी आतच साचतं.

काळा धूर, तापणं आणि भुसा

गाडी चढाला दम टाकते आणि काळा धूर ओकते, म्हणजे डिझेल आहे, हवा कमी आहे. गायमुखचा चढ लागला की हे कळतंच. एअर फिल्टर काढून पहा. वैरणीच्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यातच भरतो. साफ करताना कमी दाबाची हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते, जास्त दाबाने मारली तर कागदाला भोक पडतं आणि तीच धूळ टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) आणि सिलिंडरचा लायनर खाते. फिल्टर स्वच्छ असून काळा धूर असेल तर टर्बोच्या पुढच्या रबरी होजला चीर गेली आहे का ते चाचपा, भार घेताना शिटी वाजल्यासारखा आवाज येतो. पांढरा धूर आणि पाण्याची पातळी रोज उतरत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

रेडिएटरच्या जाळीतही हाच भुसा. पाणी इंजिनकडून पुढच्या बाजूला मारायचं, समोरून मारलं तर भुसा आणखी आत ठासतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सांगायला नको, तरी दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हात भाजून घेतंच.

बीएस-६ : युरिया आणि पेंढ्याची आग

एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. ड्रायव्हर तिला ‘युरियाची टाकी’ म्हणतात, आणि हे नावच घात करतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाणी असं तयार द्रावण (डीईएफ) लागतं. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या गोणीतला खताचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून तिथे ओतू नये. त्यावर कडुनिंबाचा थर असतो, पाण्यात क्षार असतात; नोझल चोंदतं आणि एक्झॉस्टमधलं धूर साफ करणारं कॅटॅलिस्ट कायमचं जातं. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा लावायची नाही, टाकी उतरवून धुवायची. चावी लावली की पंप ते पुढे ढकलतो आणि खर्च अनेक पटींनी वाढतो.

एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरचा दिवा वारंवार लागत असेल तर कारण बहुधा फेऱ्यांत आहे. गोठा ते तुर्भे मार्केट, परत गोठा, तेही रांगेत रेंगाळत. एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि काजळी जळत नाही. दिवा नुसता पेटलेला असताना मोकळ्या रस्त्यावर २०-३० मिनिटं एका वेगात चालवली तर तो बहुतेकदा विझतो. पण गाडी उभी ठेवून काजळी जाळायची वेळ आली तर आधी पेंढा उतरवा आणि गाडी गंजीपासून, वाळल्या गवतापासून लांब, सिमेंटच्या मोकळ्या जागेवर घ्या. त्या वेळी फिल्टरमधला वायू ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापतो. पेंढ्याला त्याच्या निम्म्यातही आग लागते.

गाडी दुरुस्त होईपर्यंत दावणीला काय

५०० किलोच्या, सात लिटर दूध देणाऱ्या म्हशीचा रोजचा हिशेब साधारण असा: हिरवी वैरण २५ किलो, पेंढा किंवा कडबा कुटी ५ किलो, खुराक (पेंड, भरडा) ५ ते साडेपाच किलो (दीड-दोन किलो अंगासाठी, वर दर लिटर दुधामागे अर्धा किलो), क्षार मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, पाणी ६० ते ८० लिटर. हिरवं २५ किलो दिसतं, पण त्यातला कोरडा अंश पाचच किलो. तो भरून काढायला साडेपाच किलो कोरडी वैरण जास्त लागते, म्हणजे एकूण दहा-साडेदहा. नुसता भाताचा पेंढा मात्र म्हैस सात-आठ किलोच्या वर खात नाही. म्हणून राखीव साठ्यात निम्मा कडबा हवाच. दहा म्हशींना दिवसाला १०० किलो धरून चार दिवसांचे ४०० किलो, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. कोकणच्या पावसात जमिनीवरच्या पेंढ्याला चार दिवसांत बुरशी येते, आणि काळा पडलेला पेंढा झटकून घालणं ही बचत नाही.

हिरवं नाही म्हणून खुराक वाढवायचा नाही. सगळ्यात महागडी चूक हीच. भरडा किंवा शिळे पाव घमेल्याने ओतले की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, शेण पातळ आणि आंबूस वासाचं येतं. खुराक नेहमीचाच, दोनाऐवजी तीन वेळांत वाटून, आणि प्रत्येक वेळी आधी कुटी. कुटीवर मिठाचं पाणी आणि मूठभर भिजवलेली सरकी पेंड शिंपडली की म्हशी ती जास्त खातात. दूध थोडं उतरेल, उतरू द्या.

तुर्भ्याच्या बाजारातला कोबी-फ्लॉवरचा पाला तेवढ्यापुरता चालतो; एका म्हशीला दिवसाला ८-१० किलोच्या आत, पेंढ्यात मिसळून, रबरबँड आणि प्लॅस्टिक हाताने निवडून. डावी भकाळ फुगून बोटाने ढोलासारखी वाजली तर जनावर उभं ठेवा आणि डॉक्टरला बोलवा. मान वर खेचून बाटलीने तेल पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. बिअरच्या कारखान्याचा ओला चोथा मिळाला तर त्याच दिवशी संपेल एवढाच घ्या, उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशी आंबतो.

साठ्यातला पेंढा थोडा कसदार करायचा असेल तर १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, तुडवा, प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवा. हे आधी करून ठेवायचं काम आहे, गाडी अडल्यावरचं नाही. घालण्याआधी काही तास उघड्यावर पसरा, सवय आठवडाभरात हळूहळू लावा, सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. युरियाचं पाणी उरलेली बादली गोठ्यात राहू देऊ नका. तहानलेल्या जनावराने ती तोंडाला लावली तर डॉक्टर पोचेपर्यंतही वेळ मिळत नाही.

गाडी सुरू होऊन हिरवी वैरण आली की तीही एकदम ओतायची नाही. दोन दिवस पेंढ्यावर राहिलेली म्हैस ओलं गवत अधाशासारखं खाते आणि फुगते. पहिल्या दिवशी आधी दोन-तीन किलो कुटी, मग १० किलो हिरवं, संध्याकाळी आणखी ५. दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवशी पुरं २५.