कालावधीचे सेकंद करताना या चुका टाळा

रावेर तालुक्यातील एका केळीबागेत ठिबकचा व्हॉल्व्ह रोज ठरल्या वेळेच्या बारा मिनिटे आधी बंद होत होता. "भाऊ, मी घड्याळ लावून बघितलं, रोज बारा मिनिटं कमी भरतात," असे त्या शेतकऱ्याने फोनवर सांगितले, तेव्हा मी आधी व्हॉल्व्हवर संशय घेतला. चूक माझ्या प्रोग्रामची होती. पाणी किती वेळ सोडायचे यासाठी त्याने माझ्या ॲपमध्ये "१.३०" असे भरले होते आणि त्याचा अर्थ आपण सगळे लावतो तोच, म्हणजे दीड तास, असा होता, प्रोग्रामने मात्र तो दशांश अपूर्णांक समजून ३६०० ने गुणला आणि ५४०० ऐवजी ४६८० सेकंद, म्हणजे ७८ मिनिटे काढली. मे महिन्यात केळीला बारा मिनिटांचे पाणी कमी पडणे ही किरकोळ बाब नाही, आणि शेतीपंपाची वीज पाळीने येत असल्यामुळे ती तूट नंतर भरून काढता येईलच असे नसते.

म्हणून पहिली चूक टाळायची ती टिंबाची. तास आणि मिनिटे यांसाठी दोन वेगळे रकाने ठेवावेत. एकच रकाना ठेवणे भाग असेल, तर टिंब दिसताच "१ तास ३० मिनिटे की १ तास १८ मिनिटे?" असे विचारावे, स्वतःच्या मनाने अर्थ लावून पुढे जाऊ नये. विसर्गासारखी दोन टिंबे दिल्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण "१:३०" हे तास-मिनिटे आहे की मिनिटे-सेकंद, हे त्या मजकुरावरून कळत नाही. यॅमल ही सेटिंगच्या फाइली लिहिण्याची एक पद्धत आहे; तिच्या १.१ आवृत्तीच्या नियमांनी चालणारे पार्सर, म्हणजे मजकूर वाचून अर्थ लावणारे प्रोग्राम, तर अवतरणचिन्हांविना लिहिलेले १:३० साठमान पद्धतीची (६० च्या पायाची) संख्या समजून थेट ९० करतात. पायथन भाषेच्या पाययॅमल या लायब्ररीत हेच होते, पण तेच ०१:३० असे लिहिले की ते मजकूर म्हणून राहते. सेटिंगच्या फाइलमध्ये असे मूल्य नेहमी अवतरणचिन्हांत लिहावे.

मराठी शब्दांतला हिशेब

शेतकरी बोलून किंवा व्हॉट्सॲपवर लिहून कालावधी कळवत असतील, तर खरी कसोटी येथे लागते. पाऊण तास म्हणजे २७०० सेकंद, सव्वा तास ४५००, दीड तास ५४००, पावणेदोन तास ६३००, अडीच तास ९००० आणि साडेतीन तास १२६००. कोष्टक सोपे दिसते, पण मजकुरात नुसते "दोन तास" शोधणारा प्रोग्राम "पावणेदोन तास" मध्येही ते शोधून काढतो आणि ७२०० सेकंद लावतो. त्यामुळे लांब शब्द आधी तपासावेत आणि जुळणी शब्दाच्या सुरुवातीपासूनच व्हावी. लोक "पावणे दोन" असे तोडूनही लिहितात, तेही धरावे.

सव्वा एकटा आला तर सव्वा एक, पण पुढे संख्या आली तर त्या संख्येत पाव मिळवायचा. पावणे आले तर पाव वजा करायचा. पुढे "शे" लागले की हा पाव (साडेमध्ये अर्धा) शंभराचा होतो: सव्वाशे मिनिटे म्हणजे १२५ मिनिटे, अर्थात ७५०० सेकंद, आणि साडेतीनशे म्हणजे ३५०. याशिवाय तास, तासाने, तासांचा, मिनिटं, मिनिटे, मि. ही सगळी रूपे येतात, आणि "तासभर" मध्ये तर आकडाच नसतो. "दिवसभर" याला मात्र सेकंदांत बसवू नये; तेथे किती वाजेपर्यंत ते विचारावे.

अंकांचाही घोटाळा होतो. पायथन "४५" या देवनागरी अंकांचे रूपांतर विनातक्रार करते, तर जावास्क्रिप्ट तेच अंक संख्या मानत नाही. परिणामी एकच मजकूर सर्व्हरवर चालतो आणि ब्राउझरमध्ये अडतो. वाचण्यापूर्वी सर्व अंक एका रूपात आणणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. जावास्क्रिप्टचे मजकुरातून पूर्णांक काढणारे "पार्सइंट" हे फंक्शन पहिल्या अनोळखी अक्षराशी थांबते, त्यामुळे इंग्रजी अंकांत "१ तास ३० मिनिटे" दिले तरी ते निमूटपणे १ परत करते.

तयार लायब्ररी वापरताना

तारीख-वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात "पीटी१एम" म्हणजे एक मिनिट आणि "पी१एम" म्हणजे एक महिना. मधला "टी" गळला की अर्थ बदलतो. लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीमध्ये इंग्रजी लहान "एम" मिनिटाचा आणि मोठा "एम" ३०.४४ दिवसांच्या महिन्याचा असतो, म्हणून सगळा मजकूर आधी सरसकट लहान किंवा मोठ्या इंग्रजी अक्षरांत बदलून घेण्याची सवय तेथे घातक ठरते. गो भाषेचे कालावधी वाचणारे "पार्सड्युरेशन" हे फंक्शन दिवस हे एकक स्वीकारतच नाही.

पायथनमध्ये कालावधी "टाइमडेल्टा" या प्रकारात साठवतात; २५ तासांच्या "टाइमडेल्टा" ला "सेकंड्स" विचारले तर ३६०० मिळतात, कारण पूर्ण दिवस तो वेगळा ठेवतो. एकूण ९०००० हवे असतील तर "टोटल सेकंड्स" हीच पद्धत वापरावी. चाचणी अर्ध्या-एक तासावर घेतली तर ही चूक कधीच दिसत नाही.

व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर आर्डुइनो ऊनो या छोट्या सर्किट बोर्डाच्या आर३ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर असेल तर तेथील साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि ३२७६७ च्या पुढे जात नाही. दहा तासांसाठी १० गुणिले ३६०० लिहिले की उत्तर उणे २९५३६ येते. ते मोठ्या चलात साठवले तरी उपयोग होत नाही, कारण गुणाकार आधीच लहान चलात झालेला असतो. गुणणाऱ्या संख्येलाच "यूएल" (मोठा, चिन्हाविना पूर्णांक) हे अक्षर-चिन्ह जोडावे लागते. सेकंद आणि मिलिसेकंद यांची गल्लत टाळण्यासाठी चलाच्या नावातच एकक लिहावे.

त्या केळीबागेच्या ॲपमध्ये आता कालावधी भरल्यावर सेकंदांचा आकडा दाखवला जात नाही. "पावणेदोन तास" भरले की "१ तास ४५ मिनिटे, ६:१५ ला सुरू, ८:०० ला बंद" असे पडद्यावर येते आणि शेतकऱ्याने होकार दिल्याशिवाय व्हॉल्व्हकडे आज्ञा जात नाही.