इंजिन गरमच होईना, डिझेल मात्र पिऊ लागलं

जुन्या डिझेल एसयूव्हीचं ॲव्हरेज १२ वरून ९ वर आलं. गॅरेजवाला थेट इंजेक्टर उतरवायला निघाला होता. खर्च ऐकून थांबलो. एअर फिल्टर, टायरमधली हवा ठीक. जॅकवर चाकं मोकळी फिरत होती, म्हणजे ब्रेक चिकटून राहत नव्हते. मग टेंपरेचरचा काटा पाहिला: यवतेश्वरचा घाट चढताना मध्यावर, हायवेला लागलं की खाली.

सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा पाइप चाचपला (पंख्यापासून हात लांब!). लगेच कोमट. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलेला; एरवी तो साधारण ८२ अंशांपर्यंत बंद असतो. इंजिन थंड समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा डिझेल सोडत होता. थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट बदललं. आता १२ च्या आसपास, आणि मेलेला हीटरही चालू झाला.