व्हिडिओ संपादनात या चुका टाळा: मोडलेली जोडाक्षरे, घसरलेला आवाज आणि इतर दुखणी

माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या बहुतेक प्रकल्पांचे दुखणे टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये दृश्ये आणि आवाज क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) येण्याआधीच सुरू झालेले असते. तरीही नवशिका संपादक पहिल्या दिवसापासून ट्रान्झिशन (दोन दृश्ये जोडणारे परिणाम) आणि फुकटचे टेम्प्लेट (तयार साचे) शोधत बसतो.

सर्वांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर डकवून मोकळे होणे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्कारासाठी आम्ही दहा मिनिटांची चित्रफीत केली होती. शीर्षक होते ‘शिक्षकांप्रति कृतज्ञता’. माझ्या सहकाऱ्याने शेवटचा फेरफार घरच्या लॅपटॉपवर केला, तिथेच रेंडर (अंतिम व्हिडिओ फाइल) काढला आणि पेनड्राइव्ह थेट सभागृहात नेऊन दिला. त्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरचे टेक्स्ट इंजिन, म्हणजे अक्षरे जुळवून पडद्यावर मांडणारा भाग, लॅटिनवरच (इंग्रजीच्या लिपीवरच) होते. भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर ‘श’ची पहिली वेलांटी त्याच्या मागे जाऊन बसली होती, ‘क्ष’चे ‘क्‌’ आणि ‘ष’ असे दोन तुकडे झाले होते आणि ‘ज्ञ’च्या जागी पाय मोडलेला ‘ज’ आणि शेजारी ‘ञ’ उभा होता. सरांनी आयुष्यभर मराठीच शिकवले होते. व्यासपीठावरून उतरताना त्यांनी मला एवढेच विचारले, “शुद्धलेखन कोणी तपासले रे?” चूक माझीच होती, कारण तयार फाइल मी पाहिलीच नव्हती.

कारण साधे आहे. देवनागरीत टंकलेल्या चिन्हांचा क्रम आणि पडद्यावर दिसणारा क्रम एकच नसतो. ‘शि’ लिहिताना ‘श’ आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. ती अक्षराच्या डावीकडे नेण्याचे आणि जोडाक्षर जुळवण्याचे काम टेक्स्ट इंजिन करते. म्हणून प्रीमियर या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमधील (सेटिंगमधील) ग्राफिक्स विभागात आणि आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या टाइप विभागात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय असेल तर तो निवडून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करावे. त्यानंतर जुन्या लेयरची डागडुजी करण्यापेक्षा मी शीर्षक नव्याने टंकतो. एकेक अक्षर उडत येणारे ॲनिमेशन मराठीला लावूच नये. आफ्टर इफेक्ट्समध्ये मजकूर कसा हलावा ते ठरवणाऱ्या रेंज सिलेक्टरच्या ॲडव्हान्स्ड विभागात ‘बेस्ड ऑन’ समोर ‘वर्ड्स’ निवडावे, म्हणजे शब्द अखंड हलतो. ट्रॅकिंग (अक्षरांमधले अंतर) वाढवून अक्षरे ऐसपैस पसरवण्याचा मोहही आवरावा, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि ओळ दात पडल्यासारखी दिसते. नवीन फॉन्ट घेतला की मी त्यात ‘श्री, क्षितिज, कर्तृत्व, शृंगार, कुऱ्हाड’ हे पाच शब्द टंकून पाहतो. ‘कुऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ नीट उमटला नाही तर तो फॉन्ट कितीही देखणा असो, माझ्या कामाचा नाही.

दुसरी लाडकी चूक मोबाइलच्या चित्रीकरणाची. “सुरुवातीला आवाज जुळतो, पण वीस मिनिटांनी ओठ आणि शब्द वेगळे होतात,” ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढचा प्रश्न न विचारताच उत्तर देतो. अनेक मोबाइल एका सेकंदाला ठरावीक फ्रेम (स्थिर चित्रे) टिपत नाहीत. प्रकाश कमी झाला किंवा प्रोसेसरवर ताण आला की फ्रेमदर खालीवर होतो. टाइमलाइन मात्र तो स्थिर असल्याचे धरून चालते. नवशिका दर दोन मिनिटांनी आवाजाची पट्टी कापून सरकवत बसतो. रात्र जाते आणि आवाज पुन्हा घसरतो. मी मोबाइलची प्रत्येक फाइल आधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो आणि ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसले की ती हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढून घेतो. यात वेळ जातो हे मान्य, पण तो चहा पिण्यात जातो, डोके फिरवण्यात जात नाही. आवाज कधी कमी कधी जास्त न घसरता सतत एकाच गतीने घसरत असेल, तर बहुधा कुठेतरी सेकंदाला २९.९७ आणि ३० फ्रेम यांची गल्लत झालेली असते. तासाभराच्या ध्वनिमुद्रणात तेवढ्यानेच सुमारे ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्यामुळे कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावे. १/६० वर आलेले सरकते पट्टे संपादनात पूर्णपणे पुसले जातील या आशेवर राहू नये. मूळ फुटेज पेनड्राइव्हवर ठेवून संपादन सुरू करू नये, कारण तो काढला की ‘मीडिया ऑफलाइन’चा लाल पडदा आलाच म्हणून समजा. आफ्टर इफेक्ट्समध्ये सगळ्या की-फ्रेम (हालचालीचे टप्पे ठरवणाऱ्या खुणा) निवडून एकदाच एफ९, म्हणजे हालचाल आपोआप मऊ करणारी कळ, दाबणे याला ॲनिमेशन म्हणत नाहीत. त्याने प्रत्येक वस्तू एकाच चालीने झुलते. वेगाचा आलेख उघडून हाताने वळवायला शिकण्यात एक रविवार घालवावा.

आता शेवटची फाइल मी पहिल्या सेकंदापासून अखेरपर्यंत, मध्ये न थांबवता, दुसऱ्याच संगणकावर पाहतो. कार्यक्रम असेल तर पाहुणे येण्याच्या तासभर आधी सभागृहात जाऊन तिथल्या ऑपरेटरकडून शीर्षक त्याच पडद्यावर लावून घेतो. ऑपरेटर वैतागतो, पण मी मागच्या रांगेत उभा राहून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वाचून होईपर्यंत त्याला पुढची फाइल लावू देत नाही.