ज्वारीकडे परत वळताय? या चुका टाळा

लातूर-परभणीकडं बऱ्याच घरांत पोळी रोजची झाली आणि भाकरी मागं पडली. आता डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ज्वारीचं दळण परत येतंय, आणि त्यासोबत तक्रारही: भाकरी थापताना फुटते. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, पिठाचा असतो. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही, तिचा चिकटपणा मुख्यतः स्टार्चचा. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे हा चिकटपणा, जाते. मग कितीही रगडा, कडा फाटणारच. म्हणून महिन्याचं दळण एकदम आणू नका, आठवड्याचं पुरे. विरी गेलीच असेल तर उकळत्या पाण्यात उकड काढा, स्टार्च फुगतो आणि पीठ धरून राहतं. तरी जमेना तर गव्हाचं पीठ आणि बेसन घालून धपाटे लावा.

सगळ्या भाकरींचं पीठ एकदम मळून ठेवू नका. काटवटीत एकेका भाकरीपुरतं घ्या आणि तळहातानं चांगलं रगडा. तव्यावर टाकल्यावर वरून फिरवलेलं पाणी पूर्ण वाळायच्या आत ती उलटा, नाहीतर भेगा पडतात. बाजरीचं पीठ तर आणखी लवकर संपवा. तिच्यात तेल जास्त, ते कडवट होतं.

खरेदीतही गफलत होते. खरिपाच्या ज्वारीचं कणीस भरात असताना पाऊस लागला की दाण्यावर बुरशी येऊन तो काळा पडतो. असा माल स्वस्त मिळतो, लोक धुऊन-वाळवून दळतात. बुरशीचं विष धुऊन जात नाही आणि तव्यावर भाजूनही त्याची खात्री नाही. खायला रब्बीचीच बघा: मालदांडी, परभणी मोती.

आता शुगरवाल्यांचं. ‘ज्वारी चालते’ म्हणून दोन पोळ्यांच्या जागी चार जाड भाकरी खाल्ल्या तर काय साधलं? 100 ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं साधारण 68 ग्रॅम. गव्हाच्या अख्ख्या पिठातही जवळपास तेवढीच. माझ्या मते ज्वारीला औषध समजणं हीच यातली सगळ्यात महागडी चूक.

नुसत्या ठेच्यावर भाकरी खाणंही पुरेसं नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यं भरून काढतात. वरण, पिठलं, मटकी यांपैकी काहीतरी ताटात हवंच. लोहासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हे वाण दिलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. पण जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लोह अंगी कमी लागतं. त्याऐवजी लिंबू पिळा.

घरात कुणाला सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आजार, असेल तर ज्वारी चालते, पण गिरणीतून आणलेलं पीठ चालत नाही. आधी दळलेल्या गव्हाचं पीठ जात्यात राहिलेलंच असतं. अशा घरी वेगळी घरघंटी ठेवा आणि तिच्यात गहू कधीच घालू नका.