जलसंपदा प्रकल्प करताना या चुका टाळा: गणित बरोबर, आकडा भलत्याच ठिकाणचा

शेवटच्या वर्षाच्या जलसंपदा प्रकल्पांत गुणाकार-भागाकार सहसा चुकत नाहीत, ते एक्सेल करून देतं. चूक होते ती आकडा उचलताना. पाऊस असो, विसर्ग असो की साठा, प्रत्येक आकडा कुठल्या तरी ठिकाणचा आणि ठरावीक कालावधीचा असतो. तिथून सुटा करून तो सूत्रात टाकला की पुढचं सगळं बिनचूक करूनही रस्त्याखालची मोरी अपुरी पडते किंवा तलाव कधीच भरत नाही.

दिवसाचा पाऊस आणि चाळीस मिनिटांचा नाला

मोरीसाठी रॅशनल सूत्र (पावसाच्या तीव्रतेवरून विसर्ग काढणारं) वापरताना होणारी ही चूक मला सर्वांत घातक वाटते, म्हणून आकड्यांनिशी पाहू. पाणलोट क्षेत्र २.५ चौरस किलोमीटर, नाल्याची लांबी २ किलोमीटर, उतार १०० ला १, दिवसाचा कमाल पाऊस १२० मिमी. विद्यार्थी १२० ला २४ ने भागतो आणि तीव्रता ५ मिमी प्रतितास धरतो. अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) ०.५. तीव्रता, गुणांक आणि क्षेत्र यांचा गुणाकार करून ३.६ ने भागलं की विसर्ग येतो १.७ क्युमेक, म्हणजे सेकंदाला १.७ घनमीटर.

पाऊस मात्र चोवीस तास सारखा पडत नसतो. या सूत्राला संकेंद्रण काळाइतक्या कालावधीची तीव्रता लागते, म्हणजे सर्वांत लांबचं पाणी मोरीपर्यंत पोहोचायला जितका वेळ घेतं तेवढ्या वेळातली. किरपिचच्या सूत्राने तो काळ इथे ४० मिनिटं येतो. जवळपास स्वयंचलित पर्जन्यमापकाची नोंद नसेल, तर हवामान विभागाचं एक-तृतीयांश घातांकाचं सूत्र वापरा: कालावधीला २४ तासांनी भागा, घनमूळ काढा आणि त्याने दिवसाच्या पावसाला गुणा. १२० मिमीपैकी सुमारे ३६ मिमी त्या ४० मिनिटांत पडतात, म्हणजे तीव्रता साधारण ५४ मिमी प्रतितास. विसर्ग येतो १९ क्युमेक, आधीच्या अकरा पट. पहिल्या उत्तरावर बांधलेली मोरी पहिल्याच मोठ्या पावसात रस्त्यासकट वाहून जाईल.

अपधाव गुणांकालाही काळ असतो. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमी पाऊस आणि ०.५ गुणांक धरून आखलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिमी आणि गुणांक १ सुचवला, म्हणजे त्याच जमिनीवरून चौपट पाणी. तुमचा गुणांक जुन्या टोपोशीटवरच्या शेतांचा असेल आणि तिथे आज सोसायट्या उभ्या असतील, तर तो बदलायलाच हवा.

एकाच पर्जन्यमापकावर विसंबणं

२६ जुलै २००५ च्या पावसाची सांताक्रूझला ९४४ मिमी नोंद झाली आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी. मिठी नदीचा अभ्यास करताना कुणी फक्त कुलाब्याची नोंद घेतली, तर त्याच्या हिशेबात पूर आलाच नव्हता! सह्याद्रीत तर हा फरक रोजचाच. महाबळेश्वरहून पाचगणीला उतरलात की पाऊस निम्म्याहूनही कमी होतो. थिसेन बहुभुज (प्रत्येक जागेला सर्वांत जवळच्या मापकाचा पाऊस देणारी पद्धत) फक्त अंतर पाहतो, डोंगर पाहत नाही. घाटात समपर्जन्य रेषा (सारख्या पावसाची ठिकाणं जोडणाऱ्या) काढा, त्रास जास्त असला तरी.

आणि तारीख. हवामान विभागाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो, त्यामुळे काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिलेला असतो. नदीच्या नोंदीत पूर आदल्या तारखेला आणि पाऊस नंतर, असं दिसलं तर आधी हे तपासा.

तीन सूत्रांची सरासरी

इंग्लिस, डिकन्स आणि राइव्ह्ज या तिन्ही सूत्रांनी पूर काढून त्यांची सरासरी घ्यायची, अशी एक पद्धत अहवालांत फार रुजली आहे. तिला काहीही आधार नाही. इंग्लिसचं सूत्र पश्चिम घाटातल्या, पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी आहे, राइव्ह्जचं दक्षिण भारतासाठी. १०० चौरस किलोमीटरला इंग्लिस सुमारे ११८० क्युमेक देतो, तर राइव्ह्ज किनाऱ्याजवळचा ६.८ गुणांक धरून जेमतेम १४६. यांची सरासरी ना घाटाची, ना किनाऱ्याची. आपल्या प्रदेशाला लागू होणारं एक सूत्र घ्या आणि ते का घेतलं हे दोन ओळींत लिहा.

सरासरी पावसावरून येवा

पाझर तलाव किंवा लघु प्रकल्प आखताना येवा, म्हणजे वर्षभरात येणारं पाणी, काढायला इंग्लिस-डिसूझा यांची सूत्रं येतात. पठारासाठी: पावसातून १७.८ वजा करा, आलेल्या उत्तराला पावसाने गुणा आणि २५४ ने भागा, सगळं सेंटिमीटरमध्ये. घाटासाठी: पावसाच्या ०.८५ पटीतून ३०.५ वजा. ६० सेंमी पावसाला पठाराचं सूत्र १० सेंमी अपधाव देतं, घाटाचं २०.५ सेंमी. मराठवाड्यातल्या गावाला घाटाचं सूत्र लावलं की कागदावर पाणी दुप्पट होतं आणि गाव तलाव भरायची वाट पाहत बसतं.

त्याहून खोल चूक दुसरी आहे. पाऊस ६० वरून ४० सेंमीवर आला, म्हणजे एक-तृतीयांशाने घटला, तर पठारावरचा अपधाव १० वरून ३.५ सेंमीवर येतो. पाऊस आणि येवा सरळ प्रमाणात नसतात. दुष्काळी भागात नदी एवढी बेभरवशाची का, याचं मोठं कारण या वक्रतेत आहे. म्हणून आधी पावसाची सरासरी काढून तिचा येवा काढू नका. प्रत्येक वर्षाचा येवा वेगळा काढा, उतरत्या क्रमाने लावा, क्रमांकाला एकूण वर्षं अधिक एकने भागा आणि मग ७५ टक्के विश्वासार्हतेचं (शंभरपैकी ७५ वर्षं निदान तेवढं पाणी येईल असं) वर्ष शोधा. अवर्षणप्रवण भागात ५० टक्के धरण्याची मुभा असते. ती घेतली असेल तर स्पष्ट लिहा, कारण त्याचा अर्थ दर दोन वर्षांतून एकदा तूट.

साठ्याबाबत थोडक्यात: एकूण साठा वाटपाला धरू नका. उजनी धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतात, पण उपयुक्त साठा सुमारे ५३.६ टीएमसीच, निम्म्याहून जास्त मृत साठा आहे. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर), आणि एक क्युमेक दिवसभर वाहिला तर ८६,४०० घनमीटर. हे दोन आकडे पाठ असले की एककांच्या बहुतेक चुका नजरेनेच पकडता येतात.

शंभर वर्षांचा पूर

तो शंभर वर्षांनी एकदाच येतो असा समज अहवालांत डोकावतो. दरवर्षी त्याची शक्यता १ टक्का असते. ५० वर्षांच्या आयुष्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता ३९.५ टक्के. म्हणून सांडव्याचा पूर धरणाच्या आकारावरून ठरतो. आयएस ११२२३ नुसार लहान धरणाला १०० वर्षांचा पूर, मध्यम धरणाला प्रमाण प्रकल्प पूर (त्या प्रदेशातल्या अतितीव्र पावसाने येणारा) आणि एकूण साठा ६० दलघमीहून जास्त किंवा पाण्याची उंची ३० मीटरहून जास्त असेल तर संभाव्य महत्तम पूर. साठा आणि उंची यांतला जो निकष वरचा वर्ग देईल तो घ्या. गुजरातमधल्या मच्छू-२ चा सांडवा सुमारे ५,६६० क्युमेकचा होता. ११ ऑगस्ट १९७९ ला त्याच्या दुपटीहून जास्त पाणी आलं, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले आणि खालचं मोरबी शहर बुडालं.

उत्तर विचित्र आलं तर

जीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) पाणलोट क्षेत्र दोन-चार चौकोनांएवढंच दिसतंय? निर्गम बिंदू (जिथून पाणलोटाचं पाणी बाहेर पडतं) प्रवाहाच्या रेषेवर पडलेला नाही. तो रेषेवर सरकवा. क्षेत्रफळ ०.०००२ असं काहीतरी येतंय? डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) अजून अक्षांश-रेखांशात आहे, आधी तो मीटरच्या प्रक्षेपणात न्या. नाले मध्येच तुटत असतील तर खळगे भरायचे राहिले.

युनिट हायड्रोग्राफ (१ सेंमी अपधावाने येणाऱ्या पुराचा आलेख) तयार झाला की सगळे कोटी, म्हणजे आलेखावरचे ठरावीक वेळांचे विसर्ग, बेरजेत घ्या, तासांतल्या कालांतराने आणि ०.३६ ने गुणा, चौरस किलोमीटरमधल्या क्षेत्राने भागा. उत्तर १ सेंमी यायला हवं. बरंच जास्त आलं, तर बहुधा बेसफ्लो (भूजलातून नदीत येणारा प्रवाह) वजा करायचा राहिलाय. अपधाव पावसापेक्षा जास्त निघाला, तर आधी पाणलोट क्षेत्र पुन्हा मोजा, मग पर्जन्यमापकाची जागा पाहा आणि वरच्या बाजूला कुठल्या धरणातून त्या दिवशी विसर्ग सोडला होता का ते विचारा.