तापत्या खिडकीत डेंड्रोबियम

उन्हाच्या खिडकीत ऑर्किड लावायचं तर डेंड्रोबियम घ्या. बुकेमध्ये जांभळी-पांढरी ऑर्किडं दिसतात, ती बहुतेक हीच. ‘सोनिया’ ही त्यातली सहज मिळणारी जात. रोपवाटिकेत रुंद पानांचं फॅलेनॉप्सिस जास्त देखणं दिसतं, पण एप्रिलचं पश्चिमेचं ऊन त्याला सोसत नाही.

डेंड्रोबियमला उजेड भरपूर हवा, ताप मात्र नको. दुपारी खिडकीच्या कडप्प्यावर हात ठेववत नाही, आणि त्यावरच ठेवलेल्या कुंडीतली मुळं खालून भाजून निघतात. म्हणून कुंडी ग्रिलला टांगा किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवा. खालून दोन इंच तरी हवा खेळली पाहिजे. काच उघडी ठेवा. पूर्वेच्या खिडकीत दहापर्यंतचं ऊन थेट चालतं. दक्षिण-पश्चिमेला फेब्रुवारीअखेरीपासून पाऊस पडेपर्यंत 50 टक्के सावलीची शेडनेट बांधा, आणि तीही ग्रिलच्या बाहेरून. दुपारी दोन वाजता पान बोटांत धरून पाहा. गरम लागलं तर कुंडी आत सरकवा. पान पोपटी असेल तर उजेड बरोबर आहे. गर्द हिरवं आणि लुळं असेल तर उजेड कमी पडतोय, फूल येणार नाही. पांढरा, कागदासारखा सुकलेला डाग म्हणजे ऊन लागलं. तो डाग भरून येत नाही, पण बाकीचं पान हिरवं असेल तर कापू नका.

हे झाडांच्या फांद्यांवर वाढणारं रोप, त्यामुळे मातीत लावायचं नाही. बाजूला भोकं असलेली चार-पाच इंची मातीची कुंडी घ्या. दोन भाग लाकडी कोळसा, एक भाग विटेचे तुकडे, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, सगळे अंगठ्याच्या पेराएवढे. सोडण आधी दिवसभर भिजत घाला. पाणी चहासारखं होतं, ते फेकून दोनदा बदला. लावताना कांड्यांचा (उसासारख्या जाड, उभ्या देठांचा) बुडखा वरच राहू द्या आणि रोप काठीला सुतळीने बांधा. रोप हललं की नव्या मुळांची कोवळी टोकं मोडतात. मोठी कुंडी घेण्याचा मोह टाळा: मधला भाग वाळत नाही आणि मुळं कुजतात. ऑर्किड मरण्याचं हे कारण फार वेळा दिसतं.

पाणी कधी घालायचं ते मुळंच सांगतात. कोरडी मुळं चंदेरी, भिजलेली हिरवी. उन्हाळ्यात रोज सकाळी, मे महिन्यात गरज वाटल्यास चारच्या सुमारासही. रात्रीपर्यंत पानं वाळली पाहिजेत. थंडीत आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात सतत भिजलं तर नवा कोंब काळा पडून सडतो, तेव्हा कुंडी आडोशाला घ्या. बोअरच्या पाण्याने कोळशावर पांढरा थर चढतो. पावसाचं पाणी साठवून ठेवलेलं उत्तम.

खत म्हणून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळं ओली करून मगच. चौथ्या आठवड्यात खत न देता नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा.

पानं गळलेल्या जुन्या कांड्या कापू नका. त्यांत पाणी साठलेलं असतं आणि त्यांना पुन्हा फुलंही येतात. कधी त्यांच्या शेंड्याकडे पिल्लू फुटतं. त्याची मुळं दोन इंच झाली की कापून वेगळं लावा.