मांजराचं ‘इको’ लिटर आणताय? या चुका टाळा

मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ते लिटर. त्यातलं बेंटोनाइटचं सोडून टोफूचं (सोयाबीनच्या चोथ्याचं) किंवा लाकडी गोळ्यांचं आणायचं, जास्तीचे पैसे मोजायचे आणि पंधरा दिवसांत नाक मुरडत पुन्हा मातीवर यायचं. आमच्या घरीही हे होऊन गेलंय. बेंटोनाइट म्हणजे ओल लागताच फुगणारी, खाणीतून काढलेली चिकणमाती. कच्छमध्ये तिचे मोठे साठे आहेत. कचऱ्यात गेल्यावर ती कुजत नाही, तेव्हा पर्याय शोधणं रास्तच. पण लाकडाचं लिटर मातीसारखं वापरलं की फसतं.

वासावर सुगंधाचा मारा

ताज्या शूला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तेव्हा डोळ्यांना झोंबणारा दर्प सुटतो. म्हणजे शू किती वेळ पडून राहते, यावर सगळं अवलंबून. लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर आपल्याला छान वाटतं, मांजराच्या नाकाला ते जास्त होतं आणि मग ते सोफ्यामागे जागा शोधतं. बिनवासाचं घ्या, सकाळ-संध्याकाळ घाण काढा. गोळे धरणाऱ्या लिटरचा थर दोन-तीन इंच हवा. पातळ थरात शू तळाला जाऊन चिकटते. तळाशी थोडा खायचा सोडा भुरभुरला तरी चालतो. दोन मांजरांना तीन ट्रे, असं पशुवैद्य सांगतात. फ्लॅटमध्ये तीन ठेवायला जागा नसते हे मान्य, पण निदान एकावर भागवू नका. आणि नसबंदी न झालेला बोका घरात असेल, तर लिटरला दोष देऊ नका. तो वास कुठल्याच पिशवीने जात नाही.

फिनेलने ट्रे धुणं

ही सगळ्यात वाईट चूक. फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत आणि ट्रेमधून आलेले पंजे ते चाटणारच. ब्लीचही नको; शूतल्या अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो. भांड्यांचा साबण, गरम पाणी, वर कडक ऊन. बास.

सगळा ट्रे रोज ओतून देणं

लाकडी गोळ्यांचे ढेकूळ होत नाहीत, शू लागली की त्यांचा भुसा होतो. नवखा माणूस हे बघून सगळंच फेकतो आणि महिन्याला तीन पिशव्या संपवतो. त्यात पर्यावरणाचं काय भलं झालं? जाळीचा, दोन मजली ट्रे घ्या. हलवला की भुसा खाली पडतो, कोरड्या गोळ्या वर राहतात.

सुताराकडचा फुकटचा भुसा मात्र नको. त्यात प्लायवुड आणि एमडीएफचा डिंक असतो, शिवाय धूळ फार. भाताचं तूस पाणी धड शोषत नाही. मक्याच्या आणि टोफूच्या लिटरला पावसाळ्यात बुरशी धरते, पोरकिडेही होऊ शकतात. लहान पिशवी आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लिटर बदलताना एका रात्रीत बदलू नका. आठ-दहा दिवस जुन्यात नवं वाढवत न्या, नाहीतर मांजर संपावर जातं.

‘फ्लश करता येतं’ यावर विश्वास

लिटर विरघळतं, पण शीतून येणारी टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजं विरघळत नाहीत. सांडपाण्यातल्या क्लोरिनला ती दाद देत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं या परजीवीने मेली, आणि लिटर संडासात किंवा नाल्यात टाकू नये अशी सूचना पाकिटावर छापण्याचा कायदा तिथे 2006 साली झाला. ही बीजं संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून शी रोज काढायची. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. त्यासाठी मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही, शेजारच्या काकू काहीही म्हणोत.

घरच्या कंपोस्टमध्येही शी नको, तिथे पुरेशी उष्णता होत नाही. नुसत्या शूने भिजलेला लाकडी भुसा वेगळ्या ड्रममध्ये कुजवून शोभेच्या झाडांना घालता येतो. मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीत नाही.

उरलेलं वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून घंटागाडीत द्या, पण ओल्या कचऱ्यात लपवून नको. तो कचरा कुणीतरी हाताने निवडतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम याचसाठी काढली. आमच्याकडे लिटरच्या पुडीवर ‘मांजर’ लिहून देतो. पहिल्या दिवशी गाडीवरच्या मावशी दचकल्या, आता त्याच मांजराची खुशाली विचारतात.

एक गोष्ट लिटरशी संबंधित नाही, पण दिसते ट्रेमध्येच. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि शूचा गोळा एकही नाही, तर नवीन लिटर मागवत बसू नका. मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. त्याच तासाला डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका.